हिंदुरावच्या गाडीचा काटा

बेदाण्याच्या मुलखात एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा भाऊ होता. त्याचं नाव लिंबाजी. त्याच्या थोरल्या भावाचं नाव हिंदुराव. "आमचा लिंब्या सांगितलेलं काम करतो," असं हिंदुराव सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. ते खरं होतं. लिंबाजी सांगितलेलंच काम करायचा. दुधावर नजर ठेव म्हटलं की नजर ठेवायचा. दूध उतू गेलं, चूल विझली, तरी नजर हलवायचा नाही.

हिंदुरावकडे एक बिनगियरची स्कूटर होती. मोरपंखी रंगाची. तिचा काटा सत्तरच्या पुढं कधी गेला नाही. सत्तरला आला की थरथरायचा आणि तिथंच उभा राहायचा. तासगावच्या सरळ रस्त्याला लागलं की हिंदुराव पुढून ओरडायचा, "लिंब्या, काटा बघ!"

लिंबाजी मागून त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघायचा. "सत्तर, दादा."

"एकदा ऐंशीला टेकू दे. मग मी सुटलो बघ."

एक दिवस हिंदुराव द्राक्षबागेत औषध मारता मारता छातीवर हात ठेवून मांडवाखाली बसला. तो उठला नाही.

लोक लिंबाजीला म्हणाले, "तुझा दादा गेला रे."

"कसा जाईल?" लिंबाजी म्हणाला. "गाडी हितंच हाय."



दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे आले, करंजावर बसले, पण शिवेनात. हिंदुरावची बायको शेवंता पुढं झाली. "पोरीला शिकवीन, काळजी करू नका," असं म्हणाली. कावळे बसून राहिले. चुलता श्रीपती पुढं झाला. "बांधाचं भांडण मी मिटवतो," असं म्हणाला. एक कावळा उठून लांब निघून गेला. ऊन चढलं. भटजींना दुसऱ्या गावी जायचं होतं. शेवटी लिंबाजीनं हात जोडले.

"दादा, तुझ्या गाडीचा काटा मी ऐंशीला टेकवतो."

कावळा खाली आला आणि शिवला.

"आता शब्द दिलायस, तर पाळ," चुलता म्हणाला. "न्हाईतर माणसाचा जीव अडकून राहतो."

"कुठं अडकंल?"

चुलत्याला उन्हाचा त्रास झाला होता. "त्या गाडीच्या काट्यात अडकंल. आणि कुठं?"

लिंबाजीनं ते ध्यानात ठेवलं. घरी येऊन त्यानं शर्टाच्या टोकानं गाडीच्या मीटरची काच पुसली. काटा शून्यावर पडला होता. "दादा," तो काचेजवळ तोंड नेऊन म्हणाला, "वाईच कळ काढ."

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन दस्तगीर मिस्त्रीकडं गेला. दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज तासगावच्या वाटेवर होतं. तो हिंदुरावचा दोस्त. गाडी बघून त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि सीटवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "काय होतंय गाडीला? उचलत न्हाई काय?"

लिंबाजीनं खाली वाकून गाडी मागून उचलली. मग पुढून उचलली. "उचलत्या की."

"तू उचलू नको रे बाबा. गाडीनं उचलायचं असतं. कान पिळला की गाडी उचल घेते."

"कुणाचा कान?"

"गाडीचा. उजवा." मिस्त्रीनं हँडलची मूठ पिळून दाखवली. "कान पिळल्याशिवाय कुणात किती दम हाय ते कळत न्हाई. समजलं?"

समजलं. लिंबाजीनं ते ध्यानात ठेवलं.

मिस्त्रीनं गाडीच्या डाव्या अंगाचं झाकण उघडलं. आतून वाटीएवढी चकती काढली. चकतीत रोलर होते, बोटाच्या पेराएवढे. "ही बघ वजनं. चकती फिरली की ही बाहेर पळतात आणि बेल्टला वर ढकलतात. पिकअप पाहिजे असेल तर हलकी घालायची. टॉपला पळवायची असेल तर जड घालायची. तुझ्या दादानं हलकी घातली होती. बेदाण्याची खोकी लादून चढ चढायचा ना तो."

"मग आता?"

"आता वजन जड करू. काटा वर जाईल. रोलर मागवतो मी. चार दिवसांनी ये."

लिंबाजी निघाला. "वजन जड केलं की काटा वर. वजन जड केलं की काटा वर," असं वाटभर घोकत घरी आला.

"वहिनी, जातं कुठाय?"

"जातं कशाला, भावजी?"

"दादाला लागतंय."

शेवंतानं कोपऱ्याकडं बोट दाखवलं.

लिंबाजीनं जातं पाय ठेवायच्या जागी ठेवलं. पाटा मागच्या सीटवर दोरीनं बांधला. वरवंट्याला जागा राहिली नाही म्हणून तो स्वतःच्या शर्टात घातला. मग गाडी तासगावच्या रस्त्याला काढली आणि कान पूर्ण पिळला. काटा तिसाला गेला. चढ लागला तसा दहावर आला. अर्ध्या चढात गाडी उभी राहिली. लिंबाजी उतरून ढकलायला लागला. ढकलता ढकलता वाकून मीटरकडं बघत होता. "भिऊ नको, दादा," तो धापा टाकत म्हणाला. "वजन हाय आपल्याकडं."

ढकलत ढकलत तो गॅरेजपर्यंत आला. "मिस्त्री, काटा खाली गेला."

दस्तगीर मिस्त्रीनं जातं बघितलं. पाटा बघितला. लिंबाजीच्या पोटावर आलेला उंचवटा बघितला. "हे काय?"

"वरवंटा. तुम्ही सांगितलं तसंच केलं."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "अरे मर्दा, असलं वजन न्हाई. उचलून ठेवतात ते वजन न्हवं. ते वजन आत असतं. वरून बघितलं तर दिसत न्हाई. बघणाऱ्याला वाटतं, ह्यात काय असणार? पण सगळं त्याच्या जोरावर पळतं."

"दिसत न्हाई, पण असतं."

"हां. आता कसं! आणि एक सांगतो. वजनं झिजतात. झिजलेलं वजन ठेवून उपयोग न्हाई, बदलून टाकायचं. आता जा घरी. ते जातं वहिनीला परत दे."

दिसत नाही पण असतं. झिजलं की बदलायचं. लिंबाजीनं तेही ध्यानात ठेवलं.

गावाच्या चावडीपुढं चार माणसं बसली होती. सोसायटीची निवडणूक जवळ आली होती. एक जण म्हणत होता, "काय सांगावं, आबासाहेब बघायला काडी हाय. पण जिल्ह्यात वजन केवढं! बँक त्यांच्या वजनावर चालते, कारखाना त्यांच्या वजनावर चालतो."

लिंबाजी जागच्या जागी थांबला. मग पाटा आणि जातं चावडीपुढंच उतरवलं आणि गाडी तशीच आबासाहेबांच्या वाटेला वळवली.

आबासाहेब सोसायटीचे चेअरमन होते. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे होते म्हणून उभे राहिल्यासारखे दिसायचे. ओसरीवर लोकांची गर्दी होती.

"आबासाहेब," लिंबाजीनं हात जोडले, "तुमचं वजन जरा माझ्यासाठी वापरा की."

आबासाहेबांना रोज दहा माणसं हेच म्हणायची. "वापरू की. बोल, कुठं वापरायचं?"

"गाडीला."

आबासाहेबांना वाटलं, गाडीच्या कागदांचं काहीतरी असेल. शिवाय हिंदुरावच्या दहाव्याला त्यांना जायला जमलं नव्हतं. त्या घरात मतं होती. "चल," ते म्हणाले आणि सगळ्यांदेखत गाडीवर मागं बसले.

लिंबाजीनं तासगावच्या रस्त्याला लागून कान पिळला. आबासाहेबांची टोपी उडाली. "अरे, कुठं चाललायस?"

"बसा तुम्ही. काटा बघा."

"कसला काटा? थांबव!"

काटा अडुसष्टवर आला. पुढं जाईना. लिंबाजी मीटरवर वाकला. "दादा, आबासाहेब आणलेत," तो म्हणाला. काटा अडुसष्टवरच राहिला. बाजारपेठेच्या चौकात लिंबाजीनं गाडी थांबवली. आठवड्याचा बाजार भरला होता. त्यानं विचार केला. वजन दिसत नव्हतं, म्हणजे ते आत होतं. आत होतं तर काटा वर जायला पाहिजे होता. मग त्याला मिस्त्रीचं पहिलं सांगणं आठवलं. कान पिळल्याशिवाय कुणात किती दम आहे ते कळत नाही.

त्यानं आबासाहेबांचा उजवा कान धरला आणि पिळला.

आबासाहेबांनी उचल घेतली नाही. नुसते ओरडले. बाजार थांबला. मेथीवाली हातात जुडी धरून बघायला लागली.

"आबासाहेब," लिंबाजी मोठ्यानं आणि मनापासून म्हणाला, "राग मानू नका. पण तुमचं वजन झिजलंय. बदलायला पाहिजे."

आधी मेथीवाली हसली. मग सगळा बाजार हसला. मागं कुणीतरी टाळी वाजवली, मग खूप टाळ्या वाजल्या. लिंबाजीला वाटलं, इतक्या लोकांना गाड्यांतलं कळतं हे बरं झालं.

पुढच्या रविवारी मतदान झालं. संध्याकाळी गावभर बातमी आली, आबासाहेब पडले. लिंबाजी हळद उगाळून, तेल कोमट करून, वाटी घेऊन त्यांच्या घरी गेला. "कुठं लागलं?" त्यानं दारातून विचारलं. आतून चप्पल आली.

इकडे दस्तगीर मिस्त्रीचे रोलर आले होते. आबासाहेबांची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. त्यानं लिंबाजीला समोर स्टुलावर बसवलं. "हात मांडीवर ठेव. तोंडातून शब्द काढू नको. मी काम करतो, तू बघ."

मिस्त्रीनं हलके रोलर काढले, जड घातले, झाकण लावलं. दोघं रस्त्यावर गेले. मिस्त्री पुढं, लिंबाजी मागं. लिंबाजीनं हनुवटी पुढच्या खांद्यावर ठेवली. मिस्त्रीनं ती राहू दिली. काटा सत्तरच्या पुढं गेला. बहात्तर. चौऱ्याहत्तर. मग इंजिन दमल्यासारखं घुमायला लागलं आणि काटा परत मागं आला.

"दादा चढत होता," लिंबाजी म्हणाला. "कशानं घसरला?"

"वजन जरा जास्त झालं. इंजिनाला ओढवेना. सगळीच जड चालणार न्हाईत, दोन हलकी घालायला लागतील. उद्या मिरजेहून आणतो. काळजी करू नको, जवळ आलोय आपण." मिस्त्रीनं गाडी थांबवली आणि बोट वर करून एकेक शब्द तोडून सांगितला, म्हणजे या वेळी घोटाळा नको. "नीट ऐक. गाडीवर ठेवलेलं वजन न्हाई. माणसाचं वजन न्हाई. गाडीचं स्वतःचं वजन. ते कमी करायचं. एकदम न्हाई. थोडं काढायचं, काटा बघायचा. परत थोडं काढायचं, काटा बघायचा. काटा ऐंशीला टेकला की हात काढून घ्यायचा. पण हे सगळं मी करणार हाय. तू न्हाई. गाडी हितं ठेवून जा."

"दादाला ठेवून कसा जाऊ?"

मिस्त्रीनं मीटरकडं बघितलं. त्यानं किल्ली परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लिंबाजी गाडी ढकलत गॅरेजकडं निघाला. स्वतःचं वजन गाडीवर पडू नये म्हणून तो वर बसला नाही. वाटेत बेदाण्याचं गोदाम लागतं. गोदामात हमाल खोकी उचलून एका लोखंडी फळीवर रचत होते. फळीच्या वर परातीएवढी गोल तबकडी होती. बसाप्पा नावाचा हमाल ओरडला, "काटा बघ, काटा!"

लिंबाजी जागीच उभा राहिला. असं ओरडणारं त्याच्या माहितीत एकच माणूस होतं.

"किती आला?" आतून कुणीतरी विचारलं.

"ऐंशी!"

लिंबाजी गाडी घेऊन आत गेला. तबकडीवर लांब काळा काटा होता आणि तो ऐंशीला टेकला होता. थरथरत नव्हता.

"ह्यो पण काटाच काय?" त्यानं विचारलं.

"मग काय विळा हाय?" बसाप्पा म्हणाला.

"आणि ऐंशीला टेकतो?"

"रोज टेकतो. पन्नासला टेकतो, ऐंशीला टेकतो, जे ठेवशील त्याला टेकतो."

लिंबाजीला इतके दिवस कुणी हे सांगितलं नव्हतं. "बसाप्पा, माझी गाडी ठेवतो. दादाचं काम हाय."

हिंदुरावची गाडी बसाप्पाला माहीत होती. त्यानं खोकी उतरवली. दोघांनी गाडी फळीवर चढवली. काटा सरसरत शंभराच्याही पुढं गेला.

"मिस्त्री बोलला ते खरं हाय," लिंबाजी म्हणाला. "वजन जास्त झालंय. पाना हाय काय?"

पाना होता. लिंबाजीनं आरसे काढले. काटा बघितला. सीट काढली. काटा बघितला. बॅटरी काढली, स्टँड काढलं, पेट्रोल डब्यात ओतून घेतलं, गाडीच्या पोटाचे मोरपंखी पत्रे काढले. बसाप्पा पत्रे धरायला लागला. इतर हमालही डोक्याला बांधलेली टापशी सोडून भोवती उभे राहिले. शंभर. पंच्याण्णव. नव्वद. पुढचं चाक निघालं, डिकी निघाली. गाडीचा नुसता सांगाडा राहिला, पण काटा अजून ऐंशीच्या केसभर पुढं होता.

"आता काय काढू?" लिंबाजी म्हणाला. सांगाड्यावर सुटं निघण्यासारखं एकच राहिलं होतं. मीटर.

त्यानं मीटर जपून सोडवलं. तारा हळूच काढल्या. मीटर छातीशी धरून तो मागं सरकला. तबकडीवरचा काटा किंचित हलला आणि ऐंशीला टेकला.

लिंबाजीनं मीटर दोन्ही हातांनी उंच केलं आणि तबकडीसमोर धरलं. "दादा," तो म्हणाला, "काटा बघ."

लिंबाजी हात खाली करेना.

एवढ्यात दारातून दस्तगीर मिस्त्री आणि शेवंता आली. मिस्त्री मिरजेहून परतताना लिंबाजीच्या घरी गेला होता, तिथं तो दिसला नाही म्हणून दोघं शोधत निघाले होते. मिस्त्रीच्या मुठीत दोन हलके रोलर होते. त्यानं जमिनीवर पसरलेले पत्रे बघितले, चाक बघितलं, सांगाडा बघितला.

"लिंबाजी, गाडी कुठाय?"

"थोडी काट्यावर हाय, थोडी खाली हाय. मिस्त्री, टेकला! तुम्ही सांगितलं तसंच केलं. थोडं काढायचं, काटा बघायचा."

मिस्त्रीनं मोठा श्वास घेतला. "बरं, असू दे. टेकला तर टेकला. आता मी सगळं गोळा करतो. संध्याकाळपर्यंत जोडून देतो."

लिंबाजी एकदम सांगाड्याला आडवा झाला. "जोडू नका मिस्त्री! आत्ताच सुटलाय तो. जोडली की वजन वाढंल. वजन वाढलं की काटा ऐंशीवरून हलंल. काटा हलला की दादा परत माघारी येईल!"

मिस्त्री काही बोलायच्या आत शेवंता पुढं झाली. ती इतका वेळ नुसती तबकडीकडं बघत होती. तिनं पदर खोचला, खाली पडलेलं पुढचं चाक उचललं आणि काट्यावर ठेवलं.

"येऊ दे की, भावजी," ती म्हणाली.

लिंबाजीला हे सुचलंच नव्हतं. त्यानं वहिनीकडं बघितलं. मग धावत जाऊन सीट आणली. डिकी आणली. बॅटरी, पत्रे, आरसे, पेट्रोलचा डबा, सगळं काट्यावर रचलं. अजून वजन पाहिजे म्हणून मीटर पोटाशी धरून स्वतः वर चढून बसला. शेवंताही चढली. काटा पार दोनशेच्या पुढं गेला. बसाप्पानं गोदामाचं दुसरं दारही सताड उघडलं. दोघं दाराकडं बघत बसली.

दस्तगीर मिस्त्री शहाणा माणूस. त्यानं कपाळाला हात लावला. मग तो पुढं झाला आणि मुठीतले दोन रोलरही काट्यावर ठेवले.